पासपोर्टवरच्या पत्त्याचा मतदार

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्राच्या मतदारयाद्यांत परदेशस्थ मतदार म्हणून ५,०९७ नावं होती. त्यांपैकी मत दिलं १७ जणांनी. गोव्यात अशी ८४ नावं होती आणि मत एकाचंही पडलं नाही. देशभरात १,१९,३७४ नावं आणि २,९५८ मतं, त्यातलीही २,६७० एकट्या केरळातली. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांची संख्या सव्वा कोटीच्या वर आहे हे लक्षात घेतलं, तर नोंदणीचा आकडासुद्धा चिल्लर वाटतो. ‘गेलेल्यांना इथल्या निवडणुकीचं काय पडलंय’ असं म्हणून हात झटकणं सोपं आहे. पण या आकड्यांमागे पाऊणशे वर्षांचा कायद्याचा इतिहास आहे, आणि तो पाहिला की सगळा दोष मतदाराच्या माथी मारता येत नाही. मतदार त्या मतदारसंघाचा रहिवासी हवा, ही अट आपल्याकडे तत्त्व म्हणून सांगितली गेली आणि सोयीनं राबवली गेली. सरकारला जो आपला माणूस वाटला त्याच्यासाठी ती पहिल्या दिवसापासून वाकली. पोटासाठी स्वतःच्या हिमतीवर बाहेर गेलेल्यासाठी मात्र ती साठ वर्षं ताठ राहिली.

घटना लिहून पूर्ण होण्याआधीच, १९४८ मध्ये, संविधान सभेच्या सचिवालयानं मतदारयाद्यांचं काम सुरू केलं. यादीत नाव यायचं तर ३१ मार्च १९४८ ला संपणाऱ्या वर्षात त्या ठिकाणी किमान १८० दिवस राहिलेलं असावं, असा नियम ठरला. आता कराचीहून येऊन कल्याणच्या छावणीत पडलेल्या निर्वासितानं हे १८० दिवस आणायचे कुठून? मग निर्वासितांपुरती तोड निघाली: इथं कायम राहण्याचा इरादा लिहून द्या, दिवस मोजायचे नाहीत. पुढे घटनेच्या ३२६ व्या कलमानं प्रौढ मताधिकार दिला आणि मताधिकार नाकारायची जी मोजकी कारणं ठेवली, त्यांत अनिवास हे एक होतं. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या १९ व्या कलमानं मतदारसंघात सर्वसाधारणपणे राहत असण्याची अट घातली आणि लगेच २० व्या कलमात तिला अपवाद केले. सैन्यातला जवान, राज्याबाहेर तैनात असलेला सशस्त्र पोलीस, भारत सरकारच्या नोकरीनिमित्त परदेशात नेमलेला कर्मचारी, हे सगळे नोकरी नसती तर जिथे राहिले असते तिथलेच रहिवासी मानायचे. सोबत राहणारी पत्नीही तशीच. (पत्नीच; पतीला ही सवलत मिळायला २०२१ साल उजाडावं लागलं.) म्हणजे माणूस हजारो मैलांवर असूनही गावचा मतदार असू शकतो, ही कल्पना आपल्या कायद्याला नवी नव्हती. कुवेतच्या भारतीय वकिलातीतला कारकून १९५० च्या कायद्यानं आपल्या गावचा मतदार राहिला आणि टपालानं मत पाठवू शकला. त्याच कुवेतमध्ये बांधकामावर राबणाऱ्या रत्नागिरीच्या माणसाचं नाव मात्र सहा महिन्यांहून अधिक काळ घरी नसल्यानं यादीतून जाण्याच्या धोक्यात आलं. दोघांचा पासपोर्ट एकाच देशाचा आणि दोघांच्या गैरहजेरीचं कारणही एकच, नोकरी.

हा भेद मोडायला पहिलं विधेयक २००६ मध्ये राज्यसभेत आलं आणि मागे पडलं. दुसरं २०१० मध्ये मंजूर होऊन १० फेब्रुवारी २०११ पासून लागू झालं. त्यानं मूळ कायद्यात २०-अ हे कलम घातलं: नोकरी, शिक्षण किंवा अन्य कारणानं बाहेर असलेल्या आणि दुसऱ्या देशाचं नागरिकत्व न घेतलेल्या भारतीयाला पासपोर्टवरच्या भारतातल्या पत्त्यावर मतदार म्हणून नाव नोंदवता येईल. त्यासाठी फॉर्म ६ए भरायचा. मतदार ओळखपत्र मिळत नाही, त्याच्या जागी मूळ पासपोर्ट चालतो. आणि तो चालतो गावच्या मतदान केंद्रावर, मतदानाच्या दिवशी, स्वतः हजर राहिल्यावरच. वकिलातीतल्या कारकुनाला पाठवलेली टपाली मतपत्रिका या माणसाला लागू केली नाही. हक्क दिला खरा, पण त्याला विमानाचं तिकीट आणि मालकाची रजा जोडली. आखाती देशांत रजा बहुधा वर्षा-दोन वर्षांतून एकदा मिळते आणि निवडणुकीच्या तारखा महिना-दीड महिना आधी जाहीर होतात. हा मेळ बसणार कसा? केरळात तो बसवला पक्षांनी. मुस्लिम लीगशी जोडलेल्या केएमसीसीसारख्या संघटनांनी आखातातून मतदारांना आणण्यासाठी विमानांची सोय केली, आणि ‘व्होट विमानम्’ हा शब्दच तिकडे रुळला. २०१९ मध्ये देशात २५,६०६ परदेशस्थ मतदारांनी मत दिलं, त्यांतले २५,५३४ केरळचे होते. पाच वर्षांत हा आकडा २,६७० वर घसरला, याचा अर्थ केरळी माणसाची राजकारणातली गोडी दहा पटींनी आटली असा कोणी लावणार नाही. मतदान हे संघटनेच्या पैशांवर आणि विमानाच्या दरांवर टांगलं की असेच चढउतार होतात. तिकिटाचे पैसे पक्षानं भरलेल्या मताला स्वतंत्र मत म्हणावं का, हा प्रश्न २०१० चा कायदा करणाऱ्यांना पडायला हवा होता.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: जो इथं राहत नाही, कर भरत नाही, त्यानं इथल्यांच्या डोक्यावर सरकार का बसवावं? कराचं उत्तर घटनेनंच दिलेलं आहे. इंग्रजी अमदानीत मालमत्ता, कर आणि शिक्षण पाहून मत मिळे. ती पद्धत मोडूनच ३२६ वं कलम आलं. राहण्याचा मुद्दा जड आहे आणि अमेरिकेत घर घेऊन मुलांसह स्थिरावलेल्याबाबत त्यात तथ्यही आहे. पण असा माणूस बहुधा पुढे तिथलं नागरिकत्व घेतो, आणि ते घेतलं की भारतीय नागरिकत्व व मत दोन्ही आपोआप जातं; परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डानं मत मिळत नाही. उरतो तो मुख्यतः आखातातला कामगार. त्याला तिथं कितीही वर्षं काढून नागरिकत्व जवळपास अशक्य, मत तर नाहीच. त्याची बायकोमुलं दापोलीत किंवा मलप्पुरमला राहतात, आणि करार संपला की तो परत तिथेच येणार असतो. इथल्या सरकारचा परिणाम त्याच्या घरावर रोज होतो. याच्या उलट लंडनला गेलेल्या मराठी माणसाचं पाहा. राष्ट्रकुलातला नागरिक म्हणून तो ब्रिटिश पार्लमेंटसाठी घराजवळच्या केंद्रावर मत देऊ शकतो. पुण्याच्या खासदारासाठी मात्र त्याला पुण्याला यावं लागतं. बाहेरची मतं निकाल फिरवतील ही भीतीही बोलून दाखवली जाते. इटलीत २००६ मध्ये परदेशस्थ मतदारांना प्रथमच त्यांचे प्रतिनिधी निवडता आले आणि पंतप्रधान झालेल्या प्रोदींचं सिनेटमधलं निसटतं बहुमत त्याच जागांवर उभं राहिलं. पण नागरिकाच्या मतानं निकाल फिरणं हा निवडणुकीतला बिघाड कसा होईल? तसा तो असेल, तर सीमेवरून आलेल्या लाखो टपाली मतांनाही तोच न्याय लावावा लागेल.

खरा आक्षेप गुप्ततेचा आहे, आणि त्याला मी गंभीर मानतो. आखातातल्या कामगारांचे पासपोर्ट कायद्यानं मनाई असूनही अनेकदा मालकाच्या कपाटात असतात. एका खोलीत आठ-दहा जण राहतात. तिथं टपालानं आलेली मतपत्रिका मुकादमाच्या नजरेखाली भरली जाणं अशक्य नाही. म्हणूनच परदेशस्थांना प्रतिनिधीमार्फत मत देऊ देणारं विधेयक ९ ऑगस्ट २०१८ ला लोकसभेत मंजूर झालं आणि राज्यसभेत पोहोचून २०१९ मध्ये लोकसभा विसर्जित होताच बाद झालं, याची हळहळ मला वाटत नाही. जवानांना २००३ पासून तशी मुभा आहे हे खरं, पण घरातल्या एकानं दुसऱ्याचं मत टाकायचं ही रीत जितकी कमी पसरेल तितकं बरं. वाईट एवढंच झालं की ते विधेयक गेलं आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही. गुप्ततेवरचा चांगला तोडगा वकिलातीतलं मतदान हा आहे. यजमान देश परवानगी देणार नाहीत असं म्हणतात, पण फिलिपिन्सचे कामगार २००४ पासून रियाधच्या आपल्या वकिलातीत मतं देत आले आहेत.

फिलिपिन्सहून आपली अडचण वेगळी आहे. तिथं परदेशस्थांना देशभर एकच असलेली यादी पुरते, आपल्याला ५४३ निरनिराळ्या मतपत्रिका लागतात. शिवाय उमेदवारांची अंतिम यादी अर्ज माघारीच्या दिवशी ठरते. महाराष्ट्राच्या २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत माघारीचा दिवस ४ नोव्हेंबर होता आणि मतमोजणी २३ नोव्हेंबरला. १९ दिवसांत मतपत्रिका छापून मस्कतला धाडायची आणि सकाळी ८ च्या आत परत आणायची, हे जुन्या टपालाला झेपणारं नव्हतंच. पण सैनिकांसाठी यातला अर्धा प्रवास २०१६ पासून इंटरनेटवरून विजेच्या वेगानं होतो. मतपत्रिका संकेतशब्दानं उघडते, जवान ती छापून खूण करतो आणि टपालखर्चाशिवाय परत पाठवतो. मोजणीच्या टेबलावर पाकिटावरचा क्यूआर कोड तपासून ती खरी की खोटी ठरते. मतदारसंघ किती, याचा प्रश्न या पद्धतीत उरत नाही. वकिलातीत एक छपाईयंत्र, एक आडोसा आणि एक अधिकारी असला की पुरे. निवडणूक आयोगानं हे सगळं ओळखलं होतं. आयोगाच्याच समितीचा अहवाल आल्यावर जानेवारी २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केंद्राला आठ आठवड्यांत पावलं उचलायला सांगितलं. नोव्हेंबर २०२० मध्ये आयोगानं कायदा मंत्रालयाला कळवलं, की केरळ, आसाम, बंगाल, तमिळनाडू आणि पुदुच्चेरीच्या पुढल्या निवडणुकांत ही पद्धत परदेशस्थांना लावायची आपली तांत्रिक आणि प्रशासकीय तयारी आहे. त्या निवडणुका २०२१ मध्ये झाल्या, २०२४ ची लोकसभाही झाली आणि परदेशस्थ मतदारांसाठी पद्धत तीच राहिली. या कामासाठी संसदेत नवं विधेयक आणायची गरजही नाही. प्रतिनिधीमार्फत मत द्यायचं तर कायदा बदलावा लागतो. टपाली मतपत्रिकेसाठी १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांत दुरुस्ती पुरते, आणि ती केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून करू शकतं, जशी सैनिकांसाठी २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये केली.