हे रूळ कोणी टाकले?

ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाची ऐंशी दिवसांच्या पृथ्वीप्रदक्षिणेची कथा १८७३ साली पुस्तकरूपाने निघाली. तिच्यातील इंग्रज धनिकाची गाडी मुंबईहून खानदेशमार्गे बऱ्हाणपूरला थांबते. तेथे त्याचा फ्रेंच नोकर खोट्या मोत्यांच्या सपाता विकत घेतो. बऱ्हाणपूर म्हणजे आपल्या वरवट बकालचा शेजारच!

व्हर्नच्या कथा भा. रा. भागवतांनी मराठी मुलांना दिल्या. मला मात्र त्या पन्नाशीजवळ, युनियनच्या कचेरीत वाचायला मिळाल्या. वाचताना एक गोष्ट सलली. गाडीचा चालक इंग्रज, कोळसाही विलायती. बोरघाटात खडक फोडताना सुरुंगाने आणि पटकीने मेलेले हजारो मजूर तिच्या खिडकीतून दिसत नाहीत.

तरी व्हर्नला न्याय दिला पाहिजे. मुलांच्याच एका नियतकालिकातून आलेल्या व १८७५ साली पुऱ्या झालेल्या ‘गूढ बेट’ या कादंबरीत त्याने पाणबुडीचा स्वामी कॅप्टन नेमो हा बुंदेलखंडाचा राजपुत्र, सत्तावनचा बंडवाला ठरवला. साम्राज्याविरुद्ध लढणारा हिंदी माणूस त्याने फ्रेंच मुलांचा नायक केला.

म्हणून मुलांना ही पुस्तके जरूर द्या. वाचून झाल्यावर एवढेच विचारायला शिकवा : हे रूळ कोणी टाकले?