बंदुकीची हमी : वर्सोव्याच्या तटापासून आजच्या परवान्यापर्यंत (थ्रेड)

१/
वर्सोव्याच्या धक्क्यावरून मढकडे जाणाऱ्या तरीत बसले की खाडीच्या मुखावर एक काळपट तटबंदी दिसू लागते. मढचा किल्ला किंवा वर्सोव्याचा किल्ला अशा दोन्ही नावांनी तो ओळखला जातो. चित्रपटांतून हा तट अनेकांनी पाहिला आहे. पण त्याच्या बुरुजांवरील तोफ बिघडली, तर किल्लेदाराने दाद कोणाकडे मागायची? आज आपण ज्याला ‘वॉरंटी’ म्हणतो, तिचा शस्त्रांच्या जगातील इतिहास या प्रश्नापासून सुरू करता येतो.

२/
प्रथम बिघाडाचे स्वरूप पाहू. तोफेची बत्ती ज्या छिद्राला लावतात त्याला ‘कान’ म्हणत. प्रत्येक बाराबरोबर तप्त वायू त्यातून बाहेर पडतो आणि छिद्र झिजून रुंद होत जाते. मग दारूचा जोर गोळ्याऐवजी कानावाटे वाया जातो. लोखंडी तोफ समुद्राच्या खाऱ्या हवेने गंजते, लाकडी गाडा कुजतो. चकमकीच्या बंदुकीत कमान तुटते, घोडा ढिला होतो, नळी फुगते. यांतील काही दोष घडणाऱ्याचे, काही वापरणाऱ्याचे, तर काही निव्वळ हवामानाचे. कोणता दोष कोणाचा, हे ठरविणे हाच हमीचा गाभा.

३/
पोर्तुगीजांनी हा प्रश्न ओतशाळा जवळ आणून सोडविला. सतराव्या शतकात बोकारो घराण्यातील कारागीर गोवा आणि मकाव येथे तोफा ओतत होते. कांस्याच्या तोफेचा मोठा गुण असा की तिचा झिजलेला कान नवे धातूचे अस्तर बसवून दुरुस्त करता येई आणि ती तडकलीच तर वितळवून पुन्हा ओतता येई. परंतु वर्सोवा ते गोवा हा मार्ग समुद्राचा होता. दुरुस्तीची शाश्वती त्या मार्गाइतकीच भक्कम होती.

४/
१७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत वर्सोव्याचा किल्ला मराठ्यांकडे आला आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसईही पडली. जिंकलेल्या किल्ल्याबरोबर तोफा मिळतात, पण त्या घडविणाऱ्याचे दायित्व मिळत नाही. शत्रूच्या ओतशाळेत तयार झालेली तोफ शत्रू दुरुस्त करून देणार नाही, हे उघडच होते. पुढे १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडेच राहिली. एका शतकाच्या आत या तटावर तीन सत्तांची निशाणे फडकली.

५/
त्या काळी युरोपात हमीची एक वेगळी पद्धत रुजत होती. १६३७ मध्ये लंडनच्या बंदूक-कारागिरांच्या संघाला राजसनद मिळाली. पुढे या संघाने प्रत्येक नळीची चाचणी घेण्याची पद्धत बसविली. नेहमीपेक्षा अधिक दारू भरून बार काढायचा. नळी टिकली तर तिच्यावर ठसा उमटवायचा. १८१३ मध्ये बर्मिंगहॅमलाही कायद्याने असे चाचणीगृह स्थापन झाले. ग्राहकाला कारागीर ठाऊक नसला तरी ठसा ठाऊक असे.

६/
परंतु हा ठसा नेमके काय सांगत होता? अमुक दिवशी ही नळी अधिक दाब सोसून शाबूत राहिली, एवढेच. पुढे ती कोकणच्या पावसाळ्यात गंजली किंवा नळीत अडथळा असताना कोणी बार काढला, तर त्याचे उत्तर ठशात नव्हते. विक्रीपूर्वीची परीक्षा आणि विक्रीनंतरची जबाबदारी या दोन भिन्न गोष्टी आहेत. आजची हमी त्या दोन्ही एकत्र करू पाहते.

७/
विक्रीनंतरच्या जबाबदारीचे राजकीय मोल मराठी सत्ताधीशांनी ओळखले होते. पेशव्यांचा तोफखाना पानसे घराण्याकडे होता. उत्तरेत महादजी शिंद्यांनी द बॉयन्यसारखा सेनानी चाकरीस ठेवला आणि आग्र्यास सँग्स्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तोफा व बंदुकांचा कारखाना उभारला. यामागचा विचार साधा आहे. विकत घेतलेले शस्त्र बिघडले की सैन्य विकणाऱ्याच्या मर्जीवर येते. स्वतःचा कारखाना आणि हाताशी असलेला कारागीर हीच त्या काळातील खरी हमी.

८/
एकोणिसाव्या शतकात कारखाने मोठे झाले आणि यंत्रावर बनविलेले सुटे भाग एकसारखे होऊ लागले. तुटलेल्या भागाच्या जागी तसाच नवा भाग बसविणे शक्य झाले. पिस्तुलावर कारखान्याचे नाव आणि क्रमांक कोरला जाऊ लागला. मात्र कारखाना आणि ग्राहक यांच्यामध्ये आता एक तिसरा पक्ष उभा राहिला : सरकार. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतील १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदुस्थानात शस्त्रे बनविणे, विकणे, बाळगणे, देशात आणणे आणि देशाबाहेर नेणे हे सारे परवान्याखाली आणले. युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. तेच पिस्तूल, तोच कारखाना. पण बिघडलेले पिस्तूल कारखान्याकडे धाडण्याची वाट मालकाच्या वंशानुसार सोपी किंवा अवघड.

९/
या व्यवस्थेची दुसरी बाजू महाराष्ट्राने १९०९ मध्ये पाहिली. लंडनहून वि. दा. सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्याकरवी २० ब्राउनिंग पिस्तुले गुप्तपणे मुंबईस पाठविली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन याला गोळ्या घातल्या, त्या अशाच पिस्तुलातून. त्या काळी युरोपातील ब्राउनिंग पिस्तुले बेल्जियममधील हर्स्टल येथील फाब्रिक नास्योनाल हा कारखाना बनवीत असे.

१०/
आता हमीच्या दृष्टीने या २० पिस्तुलांकडे पाहू. त्यांपैकी एखाद्याची कमान तुटली असती, तर ते हर्स्टलला पाठविणे दूरच; मुंबईच्या दुकानात दाखविणेही अशक्य होते. दुरुस्ती मागणाऱ्याला आपले नाव सांगावे लागते, शस्त्राचा क्रमांक दाखवावा लागतो. पेटीच्या चोरकप्प्यातून आलेल्या शस्त्राला उत्कृष्ट कारखान्याचे नाव असते, पण त्या नावाकडे दाद मागण्याचा अधिकार त्याच्या धन्याला नसतो. हमी हे ओळखीवर उभे असलेले नाते आहे.

११/
स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून तो अमलात आला. दोन्ही कायद्यांचे पाचवे कलम शेजारी ठेवून वाचावे. १८७८ च्या कलमात बनविणे, बदल करणे आणि विकणे यांचा उल्लेख आहे. १९५९ च्या कलमात त्यांच्या जोडीला दुरुस्ती आणि चाचणी हे शब्दही आले. म्हणजे बंदूक दुरुस्त करणे हाही परवान्याचा विषय झाला. पिढ्यान्‌पिढ्या शस्त्रांना धार आणि झिलई देणाऱ्या शिकलगाराची कला आणि परवानाधारक बंदूक-दुरुस्ती यांच्यात कायद्याने रेघ ओढली.

१२/
त्याच कायद्याच्या आठव्या कलमाने शस्त्रावरील नाव, क्रमांक किंवा ओळखखूण पुसणे वा बदलणे हा गुन्हा ठरविला. त्यामुळे पिस्तुलाची दुरुस्ती घड्याळाच्या दुरुस्तीहून वेगळी ठरते. घड्याळाचे यंत्र बदलले तर कोणी विचारीत नाही. पिस्तुलाचा क्रमांक मात्र परवान्यावरील नोंदीशी जुळलाच पाहिजे. म्हणून ते परवानाधारक विक्रेत्यामार्फत जाते, नोंदवहीत चढते आणि देशाबाहेर धाडायचे असेल तर दहाव्या कलमानुसार निर्यातीचा आणि परत आणताना आयातीचा प्रश्न उपस्थित होतो. कारखान्याने हमीपत्रावर ‘विनामूल्य दुरुस्ती’ असे छापले, तरी ती सीमा ओलांडण्याची परवानगी देणे कारखान्याच्या हाती नसते.

१३/
१९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकांसाठी परदेशी पिस्तुलांची आयात जवळजवळ बंद झाली. त्यामुळे वडिलोपार्जित विलायती रिव्हॉल्व्हर बाळगणाऱ्या घरांत कारखान्याचे नाव नळीवर राहिले आणि कारखान्याशी असलेले नाते संपले. नव्या खरेदीसाठी मुख्यतः सरकारी शस्त्रनिर्माणींची, उदाहरणार्थ कानपूरची, .३२ बोअरची शस्त्रे उरली. २०२० च्या सुमारास वेब्ली अँड स्कॉट या जुन्या ब्रिटिश नावाने उत्तर प्रदेशातील हरदोई जिल्ह्यात उत्पादनाची वाट धरली. बिघडलेले शस्त्र समुद्रापार जाऊ शकत नसेल, तर कारखान्यालाच समुद्र ओलांडून यावे लागते. महादजींच्या आग्र्याच्या कारखान्यामागचे गणित याहून फारसे निराळे नव्हते.

१४/
या साऱ्या प्रवासातून एक सूत्र हाती लागते. शस्त्राच्या हमीला तीन आधार लागतात : घडविणाऱ्याची खूण, बाळगणाऱ्याची ओळख आणि दोघांमधली मोकळी वाट. वर्सोव्याच्या जिंकलेल्या तोफांना तिसरा आधार नव्हता. नाशिकच्या पिस्तुलांना दुसरा नव्हता. चाचणीगृहाच्या ठशाने पहिला आधार दिला आणि तिथेच तो थांबला.

१५/
आज वर्सोव्याच्या किल्ल्याचा परिसर भारतीय वायुदलाच्या ताब्यात आहे. समोर कोळ्यांच्या होड्या ये-जा करतात आणि तटाचे दगड खाऱ्या वाऱ्याने झिजत राहतात. पुढच्या वेळी कोणत्याही किल्ल्यावर गंजलेली तोफ दिसली, तर ती कोणी ओतली आणि कोणी डागली, एवढ्यावर थांबू नये. ती बिघडल्यावर कोणाकडे जात असे, हेही विचारावे. सत्तेची खरी लांबी-रुंदी पुष्कळदा त्या उत्तरात सापडते.

(थ्रेड समाप्त)