एक आवार, अनेक गाळे : बहुसदस्यीय ब्लॉगप्रणालीतील प्लगइनचे तंटे

पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पहाटे शिरणाऱ्या माणसाला एक गोष्ट लगेच ध्यानात येते. आवार एक, फाटक एक, वीज आणि पाणी एक. गाळे मात्र असंख्य आणि प्रत्येकाचा मालक निराळा. भुसार विभागातील आडत्याच्या वहीशी फुलबाजारातील आडत्याचा काही संबंध नसतो. तरीही फाटकाशी ट्रक आडवा झाला, तर दोघांचाही माल बाहेरच अडकून पडतो. अनेक ब्लॉग एकाच स्थापनेवर चालविणाऱ्या संगणकप्रणालीची रचना नेमकी अशीच असते. तिचे अद्ययावतीकरण केल्यावर उद्‌भवणारे बिघाड ध्यानात घ्यायचे, तर आवार कोणते आणि गाळा कोणता हा भेद आधी स्पष्ट असावा लागतो.

या प्रकारातील सर्वांत प्रचलित प्रणाली म्हणजे वर्डप्रेस. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी २७ मे २००३ रोजी तिची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. मूळ प्रणालीत एका स्थापनेवर एकच ब्लॉग चाले. अनेकांना एकत्र सामावून घेणारी ‘वर्डप्रेस एमयू’ ही तिची बहुसदस्यीय भावंडे आवृत्ती स्वतंत्रपणे विकसित होत राहिली. १७ जून २०१० रोजी आलेल्या ३.० या आवृत्तीत दोन्ही प्रवाह एकत्र आले आणि त्या सोयीला ‘मल्टिसाइट’ हे नाव मिळाले. शाळा, महाविद्यालये, वृत्तसंस्था आणि व्यापारी संघटना यांना ही रचना सोयीची वाटते, कारण मूळ प्रणाली एकदाच बसवावी लागते आणि एकदाच अद्ययावत करावी लागते.

संकटाचे मूळही याच सोयीत आहे. मल्टिसाइटमध्ये सर्व सदस्यांची नावे आणि पासवर्ड एका सामायिक कोष्टकात राहतात. लेख, टिप्पण्या आणि मांडणीच्या निवडी मात्र प्रत्येक ब्लॉगच्या वेगळ्या कोष्टकांत असतात. प्लगइन, म्हणजे मूळ प्रणालीला जोडला जाणारा पूरक कार्यक्रम. त्याच्या फाईल्स सर्वांसाठी एकाच फोल्डरात असतात, पण तो सुरू आहे की बंद याची नोंद दोन ठिकाणी होते. सर्व नेटवर्कसाठी सुरू केलेल्या प्लगइनची नोंद मध्यवर्ती असते, तर एखाद्या ब्लॉगपुरत्या सुरू केलेल्या प्लगइनची नोंद त्या ब्लॉगच्या कोष्टकात असते. बिघाड सर्व ब्लॉगांवर दिसत असेल तर पहिली नोंद तपासावी. तो एकाच ब्लॉगवर दिसत असेल तर दुसरी. हा साधा प्रश्न आरंभीच विचारला, तर निम्मे श्रम वाचतात.

आता तंटा नेमका कशाचा, ते पाहू. प्लगइन मूळ प्रणालीत ठिकठिकाणी ठेवलेल्या खुंट्यांना आपले काम अडकवतो. नव्या आवृत्तीत एखादी खुंटी काढून टाकली जाते, जागा बदलते किंवा तिच्यावर टांगलेल्या वस्तूचे स्वरूप बदलते. ३.० मध्ये मुख्य व्यवस्थापकाची ओळख पटविणाऱ्या जुन्या फंक्शनची जागा ‘इज सुपर अ‍ॅडमिन’ने घेतली. फेब्रुवारी २०११ मधील ३.१ मध्ये नेटवर्कचे व्यवस्थापन स्वतंत्र दालनात गेले आणि जुन्या पत्त्यावर आपली मेनूपट्टी टांगणारी प्लगइन्स व्यवस्थापकाला दिसेनाशीच झाली. नवा ब्लॉग उघडला जाताना चालणारी ‘डब्ल्यूपीएमयू न्यू ब्लॉग’ ही खुंटी २०१९ च्या ५.१ मध्ये कालबाह्य ठरविण्यात आली. कालबाह्य याचा अर्थ तत्काळ बंद असा नव्हे. वर्डप्रेसची परंपरा जुन्या गोष्टी दीर्घकाळ निभावून नेण्याची आहे, आणि त्यामुळेच पुष्कळ प्लगइनकर्ते सुस्तावतात.

दोष कित्येकदा वर्डप्रेसचा नसतोच. सर्व्हरवरील पीएचपी ही भाषा पुढे सरकलेली असते. डिसेंबर २०१५ च्या पीएचपी ७.० मधून डेटाबेसशी बोलणारी जुनी फंक्शन्स काढून टाकण्यात आली. नोव्हेंबर २०२० च्या ८.० मधून ‘क्रिएट फंक्शन’ आणि ‘ईच’ नाहीशी झाली. होस्टिंग पुरवठादाराने त्याच आठवड्यात पीएचपी बदललेली असते, व्यवस्थापकाने वर्डप्रेस बदललेले असते, आणि ठपका भलत्याच प्लगइनवर येतो. म्हणून दोन्ही बदल एकाच रात्री करू नयेत.

ब्राउझरमध्ये घडणारा तंटा निराळा असतो. ऑगस्ट २०२० मध्ये ५.५ ही आवृत्ती आली तेव्हा जेक्वेरीच्या जुन्या वापराला सांभाळून घेणारा ‘मायग्रेट’ हा दुवा मूळ संचातून वगळला गेला. पान उघडत होते, लेख दिसत होते, पण बटणे दाबली जात नव्हती. चित्रांच्या फिरत्या पट्ट्या थिजल्या आणि काहींचे संपादनाचे रकानेच उघडेनात. तक्रारी इतक्या वाढल्या की, तो दुवा परत जोडून देणारे एक स्वतंत्र प्लगइनच काढावे लागले. अशा प्रसंगी सर्व्हरच्या नोंदवहीत काहीही सापडत नाही. ब्राउझरच्या ‘कन्सोल’मध्ये लाल अक्षरांतील ओळ शोधावी लागते.

मल्टिसाइटचा खास म्हणावा असा दोष मात्र आणखी एक आहे आणि तो सर्वांत फसवा आहे. प्लगइन प्रथम सुरू करताना स्वतःसाठी लागणारी कोष्टके तयार करते. नेटवर्कसाठी एकदम सुरू केल्यास हे काम एकदाच घडते, प्रत्येक ब्लॉगसाठी आपोआप घडत नाही. प्लगइनकर्त्याने सर्व ब्लॉगांचा विचार केला नसेल, तर मुख्य ब्लॉगवर कोष्टक तयार होते आणि उरलेले तसेच राहतात. शिवाय ३.१ पासून प्लगइन अद्ययावत केल्यावर हे आरंभीचे काम पुन्हा चालत नाही. नव्या आवृत्तीला नवा रकाना हवा असतो, जुन्या कोष्टकात तो नसतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. यार्डातील पन्नास आडत्यांनी मिळून एक जोडणी उभारली आहे, प्रत्येक गाळ्याला आपला ब्लॉग आहे आणि सकाळचा भाव एका प्लगइनद्वारे त्यावर झळकतो. मध्यरात्री अद्ययावतीकरण झाले. व्यवस्थापकाने मुख्य पान उघडून पाहिले; भाव दिसत होते. तो निश्चिंत झोपला. पहाटे एकोणपन्नास गाळ्यांवर भावाचा रकाना रिकामा. सासवडहून किंवा मंचरहून टेम्पो भरून निघावे की नाही हे त्या रकान्यावर ठरविणाऱ्या शेतकऱ्याला ‘मुख्य पान व्यवस्थित आहे’ या उत्तराचा काही उपयोग नाही. अद्ययावतीकरणानंतर मुख्य ब्लॉगखेरीज निदान दोन-तीन ब्लॉग, त्यातही एक जुना आणि एक नुकताच उघडलेला, पाहणे आवश्यक असते ते याकरिता.

मूळ प्रणालीच्या बाबतीतही हेच घडते. फाईल्स बदलल्याने काम संपत नाही. नेटवर्कच्या दालनातील ‘अपग्रेड नेटवर्क’ ही पायरी उरते. तेथे प्रत्येक ब्लॉगची कोष्टके पाच-पाचच्या गटाने नव्या स्वरूपात आणली जातात. गट संपेपर्यंत ते पान बंद करू नये. ही पायरी विसरल्यामुळे उद्‌भवलेल्या विचित्र लक्षणांसाठी निरपराध प्लगइन्स काढून टाकली गेल्याची उदाहरणे कमी नाहीत.

पान पूर्ण पांढरे पडले, तर काय करावे? एकट्या ब्लॉगच्या मालकाला मे २०१९ मधील ५.२ पासून एक दिलासा आहे. घातक चूक घडली की त्याला ईमेलने दुवा येतो आणि ‘रिकव्हरी मोड’मध्ये शिरून दोषी प्लगइन थांबविता येते. मल्टिसाइटला ही सोय मिळालेली नाही. तेथे चूक घडल्याचा संदेश पडद्यावर दिसतो, पण सुटकेचा दुवा येत नाही. ईमेलची वाट पाहत बसणे व्यर्थ होय.

तेव्हा फाईल्सपर्यंत स्वतः पोहोचावे लागते. ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ या फाईलमध्ये डीबगची सोय सुरू करावी, चुका नोंदवहीत उतरतील असे पाहावे आणि पडद्यावर दाखविणे बंद ठेवावे. वाचकांना सर्व्हरच्या फोल्डरांची नावे वाचून दाखविण्याचे कारण नाही. ‘डीबग’ नोंदवहीत घातक चुकीची ओळ सापडली, की तिच्यातच फाईलचा मार्ग असतो आणि त्या मार्गात बहुधा प्लगइनचे नाव असते. इतर सूचनांनी घाबरून जाऊ नये. नोव्हेंबर २०२४ च्या ६.७ पासून भाषांतराची फाईल वेळेआधी मागविणाऱ्या प्लगइन्सबद्दल सूचना नोंदली जाऊ लागली. मराठीत चालणाऱ्या संकेतस्थळांच्या नोंदवह्या तिने भरून जाऊ शकतात. ती चूक घातक नसते.

नोंदवहीतून काही हाती लागले नाही, तर प्लगइन्सच्या फोल्डरचे नाव बदलण्याचा जुना उपाय आहे. फाईल सापडली नाही की वर्डप्रेस ते प्लगइन वगळून पुढे जाते. येथे एक खाच आहे. नाव बदललेले असताना व्यवस्थापनातील प्लगइन्सची यादी उघडली, तर प्रणाली ती सर्व कायमची बंद झाल्याची नोंद करते. मग कोणते प्लगइन कोणत्या ब्लॉगवर सुरू होते हे आठवत बसावे लागते. केवळ बाहेरचे पान उघडून पाहिले आणि नाव पूर्ववत केले, तर नोंदी शाबूत राहतात. पान पूर्ववत दिसू लागले, तर दोषी प्लगइन्समध्येच आहे हे सिद्ध झाले. मग निम्मी प्लगइन्स बाजूला काढावीत, बिघाड कोणत्या निम्म्यात आहे ते पाहावे आणि त्याचे पुन्हा दोन भाग करावेत. बत्तीस प्लगइन्स असली तरी पाच फेऱ्यांत एकटे सापडते. दोन प्लगइन्स एकमेकांशी भांडत असतील तर हा हिशोब थोडा लांबतो. एक एकटे सुरू केल्यास निमूट चालते आणि दुसरे सोबत येताच कोसळते. एकाच नावाचे फंक्शन दोघांनी घोषित करणे हे त्याचे नेहमीचे कारण असते.

फोल्डरचे नाव बदलूनही फरक पडला नाही, तर पुष्कळांचा धीर सुटतो. वास्तविक त्या फोल्डराबाहेरही प्लगइन्स राहतात. ‘एमयू-प्लगइन्स’ या फोल्डरातील फाईल्स विनापरवानगी सर्व ब्लॉगांवर चालतात आणि त्या नेहमीच्या पद्धतीने बंद करता येत नाहीत. याशिवाय ‘डब्ल्यूपी-कंटेंट’मध्ये थेट ठेवलेल्या काही फाईल्स असतात : कॅशेसाठीच्या ‘ऑब्जेक्ट-कॅशे’ आणि ‘अ‍ॅडव्हान्स्ड-कॅशे’, आणि स्वतंत्र डोमेनसाठीची ‘सनराइज’. एप्रिल २०१६ च्या ४.५ पासून ब्लॉगला स्वतंत्र डोमेन देण्याची सोय मूळ प्रणालीतच आली, पण जुन्या जोडण्यांत ‘सनराइज’ आजही पडून असते आणि प्रत्येक पानाआधी चालते. कॅशे सर्व्हरच्या पातळीवर असेल तर तीही रिकामी करावी. एन्जिनएक्सची कॅशे साफ करणारे ‘एन्जिनएक्स हेल्पर’ हे प्रसिद्ध प्लगइन पुण्याच्याच आरटीकॅम्प कंपनीचे आहे. दुरुस्ती झालेली असतानाही जुने मोडके पान दिसत राहणे ही या शोधातील सर्वांत चीड आणणारी गोष्ट असते.

मराठी ब्लॉगांना दोन दुखणी अधिकची आहेत. २००७ मधील २.२ आवृत्तीपूर्वीच्या स्थापनांत देवनागरी मजकूर युनिकोडमध्ये असला, तरी कोष्टके कित्येकदा ‘लॅटिन-१’ या संचाची असत. तो जुना मजकूर नव्या जोडणीत नव्या ‘कॉन्फिग’ फाईलसह हलविला, की लेखांच्या जागी परकी चिन्हे उमटतात आणि दोष प्लगइनवर जातो. मजकूर तेव्हा अजून शाबूत असतो. तो तसाच पुन्हा जतन करू नये. रूपांतरात एकदा प्रश्नचिन्हे उतरली, तर मूळ अक्षरे परत मिळत नाहीत. दुसरे दुखणे लेखाच्या पत्त्याचे. पत्त्यासाठी २०० चिन्हांची मर्यादा असते आणि देवनागरीतील प्रत्येक चिन्ह सांकेतिक रूपात नऊ जागा घेते. काना-मात्रा धरून सुमारे बावीस चिन्हांतच मर्यादा संपते. मराठी शीर्षकाचे रोमन पत्त्यात रूपांतर करणारी प्लगइन्स याच कारणासाठी वापरली जातात. ती मध्येच बंद पडली, तर नवे लेख देवनागरी पत्त्याने आणि जुने रोमन पत्त्याने राहतात. जुने पत्ते घाईने बदलू नयेत. अन्यत्र दिलेले दुवे तुटतात.

हे सर्व प्रयोग चालू जोडणीवर करणे म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी फुलबाजारात झेंडूचे ढीग लागलेले असताना फाटकाची दुरुस्ती काढणे होय. प्रत वेगळी करावी आणि तिच्यावर आधी अद्ययावतीकरण करून पाहावे. मल्टिसाइटची प्रत काढणे किंचित किचकट असते, कारण डोमेनचे नाव ‘कॉन्फिग’ फाईलमध्ये आणि डेटाबेसच्या अनेक कोष्टकांत असते. शिवाय काही नोंदींत मजकुरासोबत त्याची लांबीही लिहिलेली असते. साध्या शोध-बदलाने नाव बदलले आणि लांबी तशीच राहिली, तर ती नोंद निकामी होते. हा हिशोब सांभाळणारे ‘डब्ल्यूपी-सीएलआय’ हे साधन वापरावे. प्रतीतून ईमेल बाहेर जाणार नाहीत याचीही तजवीज करावी, नाहीतर सदस्यांना प्रत्येक सूचना दोनदा मिळते.

माघार घ्यायची झाल्यास फाईल्स आणि डेटाबेस यांचा एकाच वेळचा बॅकअप दोन्हीकडे परत ठेवावा. एकदा कोष्टके नव्या स्वरूपात गेली, की केवळ जुन्या फाईल्स वर चढविणे धोक्याचे. बॅकअपनंतर लिहिले गेलेले लेख आणि टिप्पण्या माघारीत नाहीशा होतात. पन्नास गाळ्यांच्या जोडणीत तो निर्णय एका व्यवस्थापकाने एकट्याने घेण्याजोगा नसतो. दोषी प्लगइन सापडल्यावर त्याच्या कर्त्याला कळविताना वर्डप्रेसची, पीएचपीची आणि प्लगइनची आवृत्ती, नोंदवहीतील नेमकी ओळ आणि जोडणी मल्टिसाइट असल्याचा उल्लेख, एवढे आवर्जून द्यावे. शेवटची गोष्ट सांगितली नाही, तर ‘आमच्याकडे व्यवस्थित चालते’ हेच उत्तर येते.