जुहूचा विमानतळ बंद करा म्हणण्याआधी

सकाळच्या कॉलवर मी बोलायला लागलो की हमखास डोक्यावरून हेलिकॉप्टर जातं. मी विलेपार्ले पश्चिमेला भाड्याने राहतो. टीममधले म्हणतात, "तुझं हेलिकॉप्टर आलं, आधी म्यूट कर." मी दोन वर्षं त्या आवाजाला शिव्याच घालत होतो. मग एका रविवारी वाचायला बसलो, आणि शिव्या जरा कमी झाल्या.

जुहूचा विमानतळ 1928 सालचा. देशातला पहिला नागरी विमानतळ. तेव्हा त्याला विलेपार्ले एरोड्रोम म्हणत. बॉम्बे फ्लाइंग क्लब इथलाच. त्या क्लबात शिकून जेआरडी टाटांनी फेब्रुवारी 1929 मध्ये वैमानिकाचं लायसन्स मिळवलं, भारतात दिलं गेलेलं पहिलं.

लंडनहून येणारी हवाई टपाल तेव्हा कराचीपर्यंतच यायची. पुढचा प्रवास रेल्वेने. 15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडी कराचीहून एका इंजिनाच्या पस मॉथ विमानात टपालाच्या थैल्या घेऊन निघाले. अहमदाबादला थांबून पेट्रोल भरलं. पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले होते. दुपारी ते जुहूला उतरले. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट पुढची टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. एअर इंडियाची सुरुवात ती हीच. जेआरडी तेव्हा 28 वर्षांचे होते, म्हणजे माझ्याच वयाचे. हे वाचून मी थोडा वेळ फोन बाजूला ठेवला.

जुहूला धड धावपट्टी नव्हती, समुद्राकाठचं सपाट मैदान होतं. पावसाळ्यात ते पाण्याखाली जायचं. मग वैमानिक, मेकॅनिक आणि विमानं असा सगळा संसार पुण्याला हलायचा. तिथे येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानावरून टपाल उडायची. आम्ही सर्व्हर बंद पडल्यावर दुसरीकडे ट्रॅफिक वळवतो, तसंच हे, फक्त चिखलात.

पुढे विमानं मोठी झाली आणि प्रवासी वाहतूक सांताक्रूझला गेली. पण दोन्ही धावपट्ट्या जवळजवळ, आणि दिशाही साधारण एकच. त्यामुळे जुलै 1953 मध्ये बीओएसीचं कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. काही दिवसांनी ते हलकं करून उडवून नेलं. सप्टेंबर 1972 मध्ये जपान एअरलाइन्सच्या डीसी-8 ने तीच चूक केली. ते मात्र धावपट्टी ओलांडून पुढे गेलं. माणसं वाचली, विमान भंगारात गेलं.

मग हा विमानतळ आज कशाला हवा? हा प्रश्न आमच्या बिल्डिंगच्या गेटपाशी रोज निघतो. विमानतळाजवळ इमारतींच्या उंचीवर मर्यादा असते. उंची नाही म्हणजे जादा मजले नाहीत, जादा मजले नाहीत म्हणजे बिल्डर येत नाही. प्लास्टर पडणाऱ्या घरात म्हातारपण काढणाऱ्या माणसाला 1932 ची गोष्ट सांगून काय उपयोग? त्याची तक्रार खरी आहे.

पण माझ्या डोक्यावरून जाणाऱ्या हेलिकॉप्टरमध्ये कोण असतं, हेही मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, कुणी नट किंवा शेठ. त्यातली बरीच उड्डाणं मुंबई हायला जातात. 1974 मध्ये तिथे तेल सापडलं. तिथल्या रिगवर माणसं चौदा दिवस काम करतात आणि चौदा दिवस घरी असतात. त्यांचं एसटी स्टँड म्हणजे जुहू. जानेवारी 2018 मध्ये इथून निघालेलं एक हेलिकॉप्टर समुद्रात कोसळलं. त्यात ओएनजीसीचे अधिकारी होते. ते कामावर चालले होते, जसा मी लॅपटॉप उघडतो तसेच.

जुन्या घरांचा प्रश्न सुटायलाच हवा. त्यासाठी नियमांत वाट काढता येते का, हे बघायला हवं. पण मैदान एकदा बांधलं गेलं की परत मोकळं होत नाही. मुंबईत हे वेगळं सांगायला नको. त्यामुळे गेटपाशी मतदान झालं, तर माझं मत विमानतळ ठेवण्याला.

परवा कॉलवर पुन्हा हेलिकॉप्टर आलं. "कुणीतरी ड्यूटीवर चाललंय," मी म्हटलं आणि म्यूट केलं.