टाळीच्या पोटचा स्फोट

हुबळीतला लॅमिंग्टन रोड ज्याच्या नावाने ओळखला जातो तो लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता. धारवाड जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता, म्हणून मुंबईत ग्रँट रोडजवळ एक लॅमिंग्टन रोड झाला आणि हुबळीत दुसरा. मुंबईतल्या रस्त्याला पुढे डॉ. दादासाहेब भडकमकरांचं नाव मिळालं. १ नोव्हेंबर १९५६ ला धारवाड जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, तरी हुबळीकरांच्या तोंडी गव्हर्नरसाहेब राहिलेच. त्यांच्या नावाची शाळाही शहरात आहे. मुंबईला येण्याआधी हे गृहस्थ ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडचे गव्हर्नर होते. चॉकलेटात बुडवून खोबऱ्याच्या किसात घोळलेला तिथला चौकोनी केक आजही ‘लॅमिंग्टन’ म्हणून खपतो. तो साहेबांच्या नावाचा की त्यांच्या मडमेच्या, यावर ऑस्ट्रेलियन लोक आवडीने भांडतात.

केक गोड असला तरी या नावाच्या आसपास बार बरेच उडालेले आहेत. ऑक्टोबर १९३० मध्ये मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दुर्गाभाभी आणि त्यांच्या साथीदारांनी एका गोऱ्या सार्जंटवर गोळ्या झाडल्या. १३ मार्च १९४० ला लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंगांनी मायकेल ओडवायरला मारलं, तेव्हा व्यासपीठावर म्हातारे लॅमिंग्टनही होते आणि एका गोळीने त्यांचा हात जायबंदी केला.

बाँब असो, संताप असो की सभागृहातला हशा, एकदम उसळून येणाऱ्या कुठल्याही गोष्टीला इंग्रजी एकच क्रियापद हाताशी ठेवते: एक्स्प्लोड. या क्रियापदाचा जन्म मात्र दारूच्या कोठारात झालेला नाही. तो झाला नाटकगृहात, आणि तोही टाळीच्या पोटी.

लॅटिनमध्ये ‘प्लाउदेरे’ म्हणजे टाळ्या वाजवणं. ‘अप्लॉज’ हा त्याचा सरळमार्गी मुलगा. ‘प्लॉझिबल’ ही त्याची जरा दूरची पुतणी; आज तिचा अर्थ ‘पटण्यासारखं’ असला तरी मुळात तो ‘टाळी घेण्याजोगं’ असा होता. या क्रियापदाला ‘बाहेर’ या अर्थाचा ‘एक्स’ जोडला की ‘एक्स्प्लोदेरे’ होतं: टाळ्या पिटून, आरडाओरडा करून नटाला रंगमंचावरून घालवून देणं. सिसेरोने रॉस्किअस या नटाच्या बाजूने केलेल्या भाषणात एरॉस नावाच्या विनोदी नटाची गोष्ट येते. प्रेक्षकांनी शिट्ट्या आणि शिव्या घालून त्याला रंगमंचावरून पळवलं. देवळात आसरा घ्यावा तसा तो रॉस्किअसच्या घरी शिरला, त्याच्याकडे शिकला आणि थोड्याच दिवसांत पहिल्या फळीचा नट झाला. होरेसच्या एका उपहासकाव्यात आर्बुस्कुला ही नटी भेटते. बाकीच्या गर्दीने तिची हुर्यो केली, तेव्हा सरदार मंडळी टाळ्या देतात तेवढं मला पुरे, असं तिने ठणकावलं. तिथे होरेसने ‘प्लाउदेरे’ आणि ‘एक्स्प्लोदेरे’ हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात बसवले आहेत. आई आणि लेक एकाच मंचावर, एक मानाची आणि एक अपमानाची.

मराठी वाचकाला हे नवं वाटायला नको. न आवडणाऱ्या वक्त्याला लागोपाठ टाळ्या वाजवून खाली बसवण्याची विद्या आपल्याकडच्या कॉलेजांच्या स्नेहसंमेलनांत पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत आहे. लॅमिंग्टन मुंबईहून गेले त्याच १९०७ साली, डिसेंबरात, त्यांच्या जुन्या इलाख्यातल्या सुरतेला काँग्रेस भरली. २६ तारखेला अध्यक्षपदासाठी रासबिहारी घोषांच्या नावाला अनुमोदन द्यायला सुरेंद्रनाथ बॅनर्जी उभे राहिले आणि ओरड्यात त्यांचा आवाज बुडाला. बैठक तहकूब करावी लागली. दुसऱ्या दिवशी टिळक मंचावर चढले, खुर्च्या उचलल्या गेल्या आणि एक मराठी जोडा हवेतून येऊन सुरेंद्रनाथ व फिरोजशहा मेहता या दोघांनाही लागला. दुसऱ्या दिवसाला आजचं इंग्रजी ‘एक्स्प्लोड’ म्हणेल. जुन्या अर्थाने मात्र तो शब्द पहिल्या दिवसाचा.

इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकात आला तो ‘तिरस्काराने झिडकारणे’ हा अर्थ घेऊन. सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशातही पहिला अर्थ छीथू करून हाकलण्याचाच आहे. दुसरा आहे ‘आवाज करून जोराने बाहेर घालवणे’, आणि त्याच्या दाखल्यात तोफ येते. त्या वाक्यात एक्स्प्लोड करणारी असते पेटलेली दारू आणि एक्स्प्लोड होणारा असतो गोळा. प्रेक्षकांनी नटाला मंचाबाहेर काढावं तसं दारूने गोळ्याला नळीबाहेर काढलं. शब्दाची सगळी उडी या एका जागी दिसते. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस कर्म गळून पडलं. गोळा विसरला गेला आणि दारूच एक्स्प्लोड होऊ लागली. एकोणिसाव्या शतकात माणसंही होऊ लागली, रागाने आणि हसण्याने. विसाव्या शतकात लोकसंख्येची पाळी आली आणि तो वाक्प्रचार ‘लोकसंख्येचा स्फोट’ होऊन मराठीतही उतरला. मूळ अर्थाचा एवढाच तुकडा इंग्रजीत उरला आहे की खोटा ठरलेला सिद्धान्त अजून ‘एक्स्प्लोड’ झालेला असतो, म्हणजे मंचावरून हाकललेला.

हुबळीसारख्या गावात या शब्दाची परीक्षा तीन भाषांत होते. तोफेच्या दारूपासूनच सुरुवात करावी. फारसीत ‘दारू’ म्हणजे औषध. आपल्या ‘दवादारू’त ते अजून जिवंत आहे. कन्नडात ‘मद्दु’ म्हणजे औषध आणि ‘मद्दु’ म्हणजेच बंदुकीची दारू. हा योगायोग नसावा, कारण चिनी भाषेतही तोफेच्या दारूला ‘आगीचं औषध’ म्हणतात. दीर्घायुष्याची औषधं शोधणाऱ्या चिनी किमयागारांच्या हाती हे मिश्रण लागलं आणि ते जिथे जिथे गेलं तिथे वैद्याची पिशवी बरोबर घेऊन गेलं.

स्फोटकाला कन्नडात ‘सिडिमद्दु’ म्हणतात. ‘सिडि’ म्हणजे फटकन फुटून उडणं, ‘सिडिलु’ म्हणजे कोसळणारी वीज, आणि रागावलेल्या पुढाऱ्याला कन्नड वृत्तपत्रं ‘सिडिमिडि’ करतात. तेव्हा रागाच्या बाबतीत कन्नड आणि इंग्रजी एका बाकावर बसतात: दोघींकडे माणूस फुटतो. मराठीत माणूस रागाने फुटत नाही, तो भडकतो. पेटतो, तापतो, त्याचा भडका उडतो, अंगाचा तिळपापड होतो. मराठी राग चुलीवरचा आहे. इंग्रजी बातमीवरून घाईने केलेल्या मजकुरात ‘नेत्याच्या रागाचा स्फोट झाला’ असं वाक्य छापून येतं, तेव्हा ते दुसऱ्याच्या मापाचा सदरा घातल्यासारखं दिसतं. हशाचंही तसंच. तो मराठीत पिकतो, शेतातून आल्यासारखा.

मग ‘स्फोट’ कुठला? तो संस्कृतातल्या ‘स्फुट्’ धातूचा, आणि या धातूचा स्वभाव मवाळ आहे. कळी उमलणं, गोष्ट उघड होणं, स्पष्ट दिसणं. ‘प्रस्फुटित’ फूल त्यातलंच. मराठी वृत्तपत्रांतल्या छोट्या संपादकीय टिपणाला ‘स्फुट’ म्हणत, तेही त्यातलंच. भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त स्फोट हा शब्द भाषेसाठी वापरला: ध्वनी एकामागून एक येऊन विरतात, पण अर्थ आत एकसंध उघडतो, तो स्फोट. वैद्यांनी हाच शब्द कातडीवर नेला. ‘माधवनिदाना’त विस्फोट हा अंगावर फोड उठण्याचा रोग आहे, आणि आपला ‘फोड’ हा स्फोटाचाच घरगुती अवतार.

आखाड्याने मात्र या धातूला हात घातला तो शब्दशः. मल्लाने दंडावर मारलेली थाप, म्हणजे आपण ज्याला शड्डू ठोकणं म्हणतो, ते संस्कृतात ‘आस्फोटन’. रोमच्या प्रेक्षकाची टाळी आणि मल्लाची थाप यांचा धातू वेगळा, घराणं वेगळं. तरीही दोन्हीकडे तळहाताचाच आवाज शब्दात अडकून बसला. व्युत्पत्तीच्या नादाने दोघांना भाऊ ठरवण्याचा मोह होतो, पण ते सख्खे नाहीत, चुलतही नाहीत.

स्फोटाला दारूचा वास चिकटवण्यात कायद्याचाही हात होता. ३० एप्रिल १९०८ ला मुझफ्फरपूरला बाँब पडला आणि ८ जूनला सरकारने स्फोटक पदार्थांचा कायदा आणि वृत्तपत्रांना वेसण घालणारा कायदा एकदमच आणले. ‘केसरी’ने ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे अग्रलेख लिहिले. दुसऱ्यात बाँबचं वर्णन दारूगोळ्यापेक्षा मंत्र-तोडग्याच्या भाषेत होतं. खटला उभा राहिला तेव्हा टिळकांच्या बचावाचा मोठा भाग भाषांतराच्या भांडणात गेला. सरकारी भाषांतराने मराठी शब्दांना नसलेली धार आली आहे, असं ते शब्द धरून धरून सांगत राहिले. ज्युरीत सात युरोपीय आणि दोन पारशी होते. २२ जुलैला न्यायमूर्ती दावरांनी सहा वर्षांची शिक्षा दिली आणि मुंबईतल्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला.

रोजच्या वापरात मात्र मराठीने ‘स्फोट’ बातमीपुरता ठेवला आणि खरा कारभार सोपवला ‘फुटणे’कडे. पालवी फुटते, पान्हा फुटतो, वाचा फुटते, घाम फुटतो, हुंदका फुटतो, बिंग फुटतं, तांबडं फुटतं, पक्ष फुटतो आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पेपर फुटतो. यातल्या निम्म्या गोष्टी आनंदाच्या आहेत, आणि त्या ‘एक्स्प्लोड’मध्ये मावत नाहीत. फटाक्याबाबत तर मराठी फारच काटेकोर. वात जळून आवाज आला तर तो फुटला. नाही तर तो फुसका.

हा काटेकोरपणा पुण्याच्या चांदणी चौकात उपयोगी पडला. १ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर तिथला जुना पूल पाडण्यासाठी सुमारे ६०० किलो स्फोटकं भरली होती. ठरल्या वेळी बार उडाला, धूळ उसळली, वाहिन्यांनी पूल जमीनदोस्त झाल्याचं सांगितलं. धूळ बसल्यावर दिसलं की काँक्रीट निखळलं आहे, पण आतल्या सळयांनी पुलाचा बराचसा सांगाडा धरून ठेवला आहे. स्फोट झाला होता, पूल फुटला नव्हता. उरलेलं काम पहाटेपर्यंत पोकलेन आणि जेसीबीवाल्यांनी केलं.