पंधरा फुटांच्या खोलीत गोल्फचे मैदान कसे मावते?

१/ गोल्फच्या एका ‘होल’ची लांबी चारशे यार्ड, म्हणजे सुमारे ३६५ मीटर असू शकते. घरातली खोली फार तर पंधरा-सोळा फुटांची. तरीही आज अनेक जण एका खोलीत पडदा टांगून, त्यावर चेंडू मारून, अठरा होलांचा डाव पूर्ण करतात. या व्यवस्थेला ‘गोल्फ सिम्युलेटर’ म्हणतात. यंत्र नवे आहे. त्यामागचा विचार मात्र संगणकाहून जुना आहे. त्या विचाराचा इतिहास, आणि खोलीची मापे ठरवताना त्याचा होणारा उपयोग, यांविषयी हा थ्रेड.

२/ मोठा खेळ लहान जागेत आणण्याचा एक मार्ग डच लोकांनी शोधला. नेदरलँड्समध्ये काठीने चेंडू टोलवण्याचा ‘कोल्फ’ हा खेळ मध्ययुगापासून रस्त्यांवर, माळांवर आणि हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावर खेळला जाई. खिडक्या फुटत, वाटसरूंना इजा होई. त्यामुळे अनेक नगरांनी त्यावर निर्बंध घातले.

३/ पुढे हा खेळ आच्छादित कोर्टांत शिरला. अशी कोर्टे बहुधा खानावळींना लागून असत. लांबी सुमारे साडेसतरा मीटर, रुंदी पाच मीटर, दोन्ही टोकांना एकेक खांब. उत्रेख्तमधील सेंट एलॉय या जुन्या धर्मादाय संस्थेत अठराव्या शतकातील असे कोर्ट आजही पाहायला मिळते. पण छताखाली येताना खेळच पालटला. चेंडू जड झाला आणि हवेत उडण्याऐवजी जमिनीवरून घरंगळू लागला.

४/ खेळ तसाच ठेवून जागा कमी करायची, तर निराळा प्रश्न सोडवावा लागतो: चेंडू पुढे कुठे जाणार, हे त्याच्या पहिल्या काही फुटांवरून सांगता येईल काय? या प्रश्नाचा माग थेट न्यूटनपर्यंत जातो. प्रकाश आणि रंग यांविषयीच्या १६७२ सालच्या पत्रात त्याने जाता जाता नोंदवले, की रॅकेटचा तिरपा फटका बसलेला टेनिसचा चेंडू वक्र मार्गाने जाताना आपण पाहिला आहे. त्या वक्रतेचा संबंध त्याने चेंडूच्या फिरकीशी जोडला.

५/ त्यानंतर बेंजामिन रॉबिन्स हा इंग्रज गणिती. ‘न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी’ या १७४२ सालच्या ग्रंथात त्याने बंदुकीच्या गोळीचा वेग मोजण्याची युक्ती मांडली. गोळी एका जड लंबकावर झाडायची. लंबक किती मागे झुलतो, त्यावरून गोळीचा वेग काढायचा. त्यामुळे अतिवेगवान वस्तूचा वेग मोजण्यासाठी तिच्या मागे धावण्याची गरज उरली नाही.

६/ या रॉबिन्सचा शेवट भारतात झाला. ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या किल्ल्यांच्या दुरुस्तीसाठी त्याला मुख्य अभियंता म्हणून इकडे पाठवले. कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे २९ जुलै १७५१ रोजी तो वारला. पुढे १८५२ मध्ये बर्लिनच्या हाइनरिख गुस्ताव माग्नुस याने फिरत्या वस्तूवर हवेचा आडवा दाब कसा पडतो, याचा प्रयोगांनी अभ्यास केला. म्हणून त्या परिणामाला आज ‘माग्नुस परिणाम’ म्हणतात.

७/ हे सारे धागे गोल्फच्या चेंडूपाशी आणून बांधले ते पीटर गथ्री टेट यांनी. टेट १८६० पासून एडिंबरा विद्यापीठात निसर्गविज्ञानाचे, म्हणजे भौतिकशास्त्राचे, प्राध्यापक होते. सेंट अँड्र्यूजच्या मैदानावर ते मनमुराद खेळत. त्यांना एक कोडे सुटत नव्हते. चांगला टोलवलेला चेंडू, नुसत्या वेगाच्या हिशेबाने जितका वेळ हवेत राहायला हवा, त्याहून जास्त वेळ राहतो. त्याला वर उचलून धरणारे बळ कोणते?

८/ चेंडूचा वेग मोजण्यासाठी त्यांनी रॉबिन्सचाच लंबक वापरला. लंबकाच्या तोंडावर चिकणमाती. तिच्यावर खेळाडूने चेंडू मारायचा. चेंडू तिच्यात रुतायचा आणि लंबकाच्या झोक्यावरून वेग कळायचा. म्हणजे मोजमापासाठी मैदानाची गरज नव्हती.

९/ फिरकी मोजण्याची युक्ती तर याहून साधी. एक लांब, पीळ नसलेली फीत घ्यायची. तिचे एक टोक चेंडूला आणि दुसरे जमिनीला पक्के करायचे. एक-दोन यार्डांवर घट्ट चिकणमातीची भिंत उभी करायची आणि कसलेल्या खेळाडूला तिच्यावर चेंडू मारायला सांगायचे. मग फितीला पडलेले पीळ मोजायचे. जितके पीळ, तितक्या चेंडूच्या फेऱ्या.

१०/ पीळ प्रत्येक वेळी एकाच दिशेचे निघाले. चेंडूला उलटी फिरकी मिळत होती. आपण आज तिला ‘बॅकस्पिन’ म्हणतो. ही फिरकी चेंडूला वर उचलते, म्हणून तो हवेत रेंगाळतो आणि लांब जातो. तोवर फिरकी हा फटक्यातला दोष मानला जाई. तीच लांब फटक्याचे रहस्य आहे, असे टेट यांनी १८९० च्या दशकातील लेखांत गणितासह दाखवून दिले.

११/ टेट यांचे पुत्र फ्रेडी हे त्या काळातील नामांकित खेळाडू. ब्रिटिश हौशी अजिंक्यपद त्यांनी १८९६ आणि १८९८ असे दोनदा जिंकले. चेंडू किती लांब जाऊ शकतो याची मर्यादा वडिलांनी गणिताने ठरवली आणि मुलाने दुसऱ्याच दिवशी ती ओलांडली, असा एक किस्सा सांगितला जातो. तो आख्यायिका म्हणूनच घ्यावा. फ्रेडी पुढे बोअर युद्धात, फेब्रुवारी १९०० मध्ये मारले गेले. वडील त्या दुःखातून सावरले नाहीत. ४ जुलै १९०१ रोजी त्यांचेही निधन झाले.

१२/ टेट यांच्या प्रयोगांतून निघालेला सिद्धान्त असा. चेंडू क्लबपासून सुटतो, त्या क्षणी त्याचा वेग, दिशा आणि फिरकी कळली, की वारा सोडला तर पुढचा सारा प्रवास गणिताने काढता येतो. खोलीत मोजायचा तो फक्त आरंभ. उरलेली दोनशे यार्डे कागदावर मांडायची. सिम्युलेटर हेच करतो. कागदाच्या जागी संगणक आला, इतकेच.

१३/ तो प्रवास डोळ्यांना दाखवण्याचे कामही संगणकाआधीच झाले होते. इलेक्ट्रॉनचे संशोधक जे. जे. थॉमसन यांनी मार्च १९१० मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये गोल्फच्या चेंडूच्या गतीवर व्याख्यान दिले. सभागृहात चेंडू मारणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी काचेच्या नळीत, तापलेल्या प्लॅटिनमवरून निघणाऱ्या ऋणभारित कणांचा प्रकाशमान झोत चेंडूच्या जागी वापरला. विद्युत बळ गुरुत्वाकर्षणाचे काम करी, चुंबकीय बळ फिरकीचे. बळे बदलली की झोत निरनिराळ्या फटक्यांच्या मार्गांनी वाकताना श्रोत्यांना दिसे.

१४/ पुढचा टप्पा छायाचित्रणाचा. अमेरिकेतील एमआयटीचे हॅरॉल्ड एजर्टन यांनी अत्यल्प काळ लखलखणाऱ्या दिव्यांच्या साहाय्याने गोल्फचा फटका कॅमेऱ्यात पकडला. डेन्समोर श्यूट या खेळाडूच्या फटक्याचे त्यांचे १९३८ सालचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. सिम्युलेटरमधील आजचे कॅमेरे हेच करतात: चेंडूची लागोपाठ चित्रे घेऊन त्यांवरून वेग, दिशा आणि फिरकी काढतात.

१५/ दुसरी शाखा रडारची. २००३ मध्ये डेन्मार्कमध्ये स्थापन झालेल्या ‘ट्रॅकमन’ कंपनीने डॉप्लर रडार गोल्फच्या चेंडूवर रोखले. तिच्या संस्थापकांपैकी फ्रेडरिक टूक्सेन हे रडार अभियंते. तोफगोळ्यांचा माग काढणारे तंत्र अशा रीतीने खेळात आले. रॉबिन्सचा लंबकही तोफशास्त्रातूनच आला होता, हे येथे आठवावे.

१६/ हे तंत्र सामान्य माणसाच्या आवाक्यात आणले दक्षिण कोरियाने. डोंगराळ देश, महाग जमीन आणि त्याहून महाग क्लबांची सदस्यत्वे. तेथे २००० मध्ये किम यंग-चान यांनी ‘गोल्फझोन’ कंपनी स्थापली. शहरातील इमारतींच्या मजल्यांवर ‘स्क्रीन गोल्फ’च्या खोल्या फोफावल्या आणि मैदान न पाहिलेले लोकही गोल्फ खेळू लागले.

१७/ आता आपल्या खोलीकडे वळू. प्रथम लांबी. पडदा आणि भिंत यांत किमान एक फूट हवे. नाहीतर पडदा भिंतीला टेकतो आणि चेंडू उसळून अंगावर येतो. चेंडूपासून पडदा आठ ते दहा फूट. चेंडूच्या मागे खेळाडूला क्लब फिरवायला सहा-सात फूट. बेरीज पंधरा ते अठरा फूट.

१८/ यंत्राची निवड या लांबीवर ठरते. कॅमेऱ्याचे यंत्र चेंडूच्या बाजूला किंवा छतावर बसते. त्याला चेंडूचा अगदी थोडा प्रवास पुरतो. रडार बहुधा खेळाडूच्या मागे सहा ते आठ फुटांवर ठेवावे लागते आणि पुढेही चेंडू काही फूट उडताना त्याला दिसावा लागतो. त्यासाठी अठरा-वीस फूट लांबी हवी. खोली लहान असेल, तर कॅमेरा बरा.

१९/ रडारला इतकी जागा का लागते, ते हिशेबाने पाहा. कसलेल्या खेळाडूचा चेंडू सेकंदाला सुमारे ७० मीटर जातो. तीन मीटरवरच्या पडद्यापर्यंत पोहोचायला त्याला सेकंदाचा पंचविसावा भागही पुरत नाही असे म्हटले, तरी फरक किरकोळच. फिरकी मिनिटाला २,७०० फेऱ्यांची धरली, तर तेवढ्या वेळात चेंडूच्या दोन फेऱ्याही पुऱ्या होत नाहीत. म्हणून बंद जागेत काही रडारांसाठी चेंडूवर धातूचा छोटा ठिपका चिकटवतात. टेट यांच्या फितीचे ते आजचे रूप.

२०/ मग रुंदी. सगळे खेळाडू उजव्या हाताचे असतील आणि चेंडू मध्यापासून थोडा बाजूला ठेवणे चालत असेल, तर दहा फुटांत भागते. डावखुरे आणि उजवे दोघांनाही खेळायचे असेल, तर चेंडू मधोमध हवा आणि त्यासाठी चौदा-पंधरा फूट लागतात.

२१/ सर्वांत अवघड माप उंचीचे. लांबी कमी पडली तर यंत्र बदलता येते, रुंदी कमी पडली तर चेंडू सरकवता येतो. छत मात्र हलत नाही. नऊ फूट ही खालची मर्यादा मानतात, दहा फुटांत मोकळेपणा येतो. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या खोलीची किमान उंची २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूटच आहे. त्यातून पंखा आणि बीम यांची उंची वजा करा. पायाखालच्या कृत्रिम हिरवळीची जाडीही वजा करा, कारण ती खेळाडूला एक-दोन इंच वर उचलते.

२२/ म्हणून खरेदीपूर्वी एक प्रयोग अवश्य करावा. घरातील सर्वांत उंच खेळाडूने, मोकळ्या अंगणात किंवा गच्चीवर, आपला सर्वांत लांब क्लब (‘ड्रायव्हर’, सुमारे ४५ इंच) अगदी सावकाश फिरवावा. दुसऱ्याने टेप धरून क्लबचे टोक जमिनीपासून किती वर आणि शरीरापासून किती दूर जाते, ते मोजावे. वर सहा इंच मोकळे ठेवावेत. छताला एकदा क्लब लागला, की शरीर तो आघात विसरत नाही. फटका नकळत आखडतो, आणि मग घरातला सराव मैदानावर नडतो.

२३/ मापांचा क्रम त्यामुळे असा ठेवावा: आधी माणूस, मग छत, मग लांबी, शेवटी यंत्र. पुष्कळ जण यंत्र आधी विकत घेतात आणि खोली नंतर मोजतात. दोनशे यार्डांची चिंता टेट आणि थॉमसन यांनी शतकापूर्वीच मिटवली आहे. चेंडूचे उड्डाण आता गणितात मावते. हात उंचावून उभा राहिलेला माणूस मात्र अजूनही खोलीतच मावावा लागतो.