भोपळ्याच्या बिअरमधला भोपळा गेला कुठे?

अमेरिकेत ऑगस्ट महिना आला की दुकानांत भोपळ्याची बिअर दिसायला लागते. पहिला घोट घेऊन लोक म्हणतात, "काय मस्त भोपळा लागतोय!" पण जिभेवर असतं काय? दालचिनी, जायफळ, लवंग, सुंठ. मग भोपळा कुठेय?

त्यासाठी मागे जाऊया, १७व्या शतकात. इंग्लंडहून येऊन न्यू इंग्लंडमध्ये वसलेल्या लोकांना बिअर रोज लागायची. पण ती बनते माल्टपासून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीपासून, आणि ते तिथे सहज मिळत नव्हतं. भोपळे मात्र भरपूर! तिथले मूळ रहिवासी ते कितीतरी शतकं पिकवत होते. यीस्टला काय, साखर मिळाल्याशी मतलब. मग माल्टच्या जागी भोपळा आला. चवीची हौस म्हणून नाही, नाइलाज म्हणून.

फिलाडेल्फियाच्या अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीच्या कागदपत्रांत १७७१ सालची एक कृती आहे. भोपळे कुटायचे, सफरचंदासारखे पिळून रस काढायचा, तो बराच वेळ उकळत वरची मळी काढायची, हॉप्स घालायचे आणि गार करून आंबवायचं. झालं! मसाल्याचं नावसुद्धा नाही. पुढे १९व्या शतकात धान्य मुबलक झालं आणि ही बिअर मागे पडली.

ती परत आली १९८०च्या दशकात. कॅलिफोर्नियातल्या हेवर्डमध्ये बिल ओवेन्स हा मूळचा फोटोग्राफर 'बफेलो बिल्स' नावाची छोटी ब्रुअरी चालवत होता. जुन्या काळी भोपळ्याची बिअर करायचे हे वाचून त्यानेही करून पाहिली. पण भोपळ्याची चवच येईना! शेवटी त्याने दुकानातून भोपळ्याच्या पायचा तयार मसाला आणला आणि त्याचा अर्क बिअरमध्ये घातला. आज आपण जिला भोपळ्याची बिअर म्हणतो, ती ही.

चव का आली नाही? आपले घारगे आठवा. लाल भोपळा, गूळ, वर जायफळ-वेलची. त्यात गुळाचा गोडवा तसाच राहतो, म्हणून भोपळा खुलतो. बिअरमध्ये बरीचशी साखर यीस्ट फस्त करतं. मुळात सौम्य असलेला भोपळा मग जेमतेम उरतो.

अमेरिकेत बिअरच्या वर्गीकरणात हे दोन वेगळे प्रकार मानले जातात: एक मसाला नसलेली भोपळ्याची बिअर, दुसरा मसाल्याची.

मग पारख कशी करायची? फार थंड पिऊ नका, वास दबतो. आधी नुसता वास घ्या. लवंगेने नाक भरून गेलं तर हात सैल सुटलाय. मग दोन-तीन घोट घ्या आणि माल्ट शोधा: भाजक्या पावासारखी, कॅरॅमलसारखी चव. मसाला ओसरल्यावर ती मागे उरली तर बिअर चांगली. काहीच उरलं नाही, तर तुम्ही मसाल्याचं पाणी प्यायलात!

आणि "भोपळा लागतो का?" हा प्रश्न मसाल्याच्या बिअरला नका विचारू. १७७१ मध्ये भोपळा होता, मसाला नव्हता. आता मसाला सांगतो, भोपळा आहे म्हणून. यातली खरी कुठली? मला विचाराल तर दोन्ही. एक गरजेची, दुसरी आठवणीची. तुमचं मत नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!